हक्क घरधन्याचा, परवाना कलेक्टरचा

मेकॉले हिंदुस्थानी माणसावर नाराज होता, आणि त्या नाराजीचं कारण आज वाचताना गंमत वाटते. १८३७ साली त्याच्या विधी आयोगानं हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा सरकारला दिला. मसुद्याला टिपा जोडल्या होत्या. स्वसंरक्षणाच्या कलमांवरच्या टिपेत आयोगाचं म्हणणं साधारण असं होतं: इथले लोक तापट आणि कायदा हातात घ्यायला सोकावलेले असते, तर आम्ही या हक्काला आणखी कुंपणं घातली असती. पण इथं धोका उलट्या बाजूचा आहे. दरोडेखोरांच्या टोळ्या येतात, घर धुऊन नेतात आणि लोक निमूटपणे सोसतात. तेव्हा बंधनं वाढवण्यापेक्षा लोकांच्या अंगात थोडी मर्दुमकी आणलेली बरी.

मसुदा पुढं तेवीस वर्षं रखडला. १८६० साली त्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२पासून तो लागू झाला. ९६ ते १०६ ही कलमं खासगी संरक्षणाच्या हक्काची. घरापुरतं पाहायचं तर त्यातलं १०३वं सगळ्यात वजनदार. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, आणि जिवाला धोका वाटावा अशी चोरी किंवा घुसखोरी, या प्रसंगी घरधन्यानं प्रतिकार करताना समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. अर्थात हात मोकळा सोडलेला नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, पोलिसांकडे जायला वेळ असेल तर जायचं, ही बंधनं ९९व्या कलमात होती. तरीही परक्या सरकारनं रयतेला दिलेल्या हक्कांत हा चांगलाच सढळ म्हणावा लागेल.

आणि ज्या वर्षी हा हक्क छापला गेला, त्याच वर्षी, त्याच सरकारनं १८६०चा ३१वा कायदा करून शस्त्रं बाळगण्यावर, बनवण्यावर आणि विकण्यावर नियंत्रण घातलं. चोर रात्री घरात शिरला तर त्याला मारायची मुभा आहे. कशानं मारायचं, ते मात्र साहेबाला विचारून ठरवायचं. पुढच्या दीडशे वर्षांचा इतिहास याच दोन कायद्यांच्या मधल्या जागेत घडला.

मेकॉलेनं ही तक्रार दख्खनमध्ये बसून लिहिली असती तर त्याला ती जरा बदलावी लागली असती. इथलं घर मुळातच बंदोबस्तासाठी बांधलेलं असे. पाटला-देशमुखांच्या गढ्या अजून गावोगाव पडक्या अवस्थेत दिसतात. पांढऱ्या मातीच्या पुरुष-दोन पुरुष जाडीच्या भिंती, कोपऱ्याला बुरूज, भिंतीत बंदुकीची नळी बाहेर काढायला जंग्या, मोठ्या दाराला दिंडी आणि आतून आडवा घालायचा अडसर. पेंढाऱ्यांच्या धाडी १८१७-१८पर्यंत चालूच होत्या, तेव्हा ही हौस नव्हती. गढी नसलेल्यांना गावकूस. वेशीचं दार दिवेलागणीला बंद व्हायचं, रात्री रामोशी आणि जागल्या फिरायचे. ही सगळी व्यवस्था कुसाच्या आतल्यांसाठी होती, हेही सांगायला हवं. वेशीवर पहारा करणारा वेसकर महार, आणि त्याचं स्वतःचं घर मात्र वेशीबाहेर. त्याच्या घराला ना कूस, ना जंग्या.

सरसकट शस्त्रं काढून घ्यायची सुरुवात १८५७च्या धामधुमीत झाली. त्या वर्षीच्या २८व्या कायद्यानं हत्यारं नोंदवून परवाना घ्यायचं बंधन आलं. दक्षिण मराठा मुलखात मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. त्यात हलगली नावाचं गाव. तिथले बेरड शिकार आणि राखणदारी करणारे. त्यांच्या दृष्टीनं हत्यार म्हणजे पोटाचं साधन आणि घरातल्या पुरुषाची अब्रू. नोंदणीला नेलेलं हत्यार परत हातात पडेल यावर त्यांचा विश्वास बसला नाही, आणि तो न बसण्यात शहाणपणच होतं. नोव्हेंबरमध्ये त्यांनी साफ नकार दिला; आसपासच्या गावांतलेही बेरड येऊन मिळाले. महिनाअखेरीला इंग्रजांची फौज हलगलीवर चालून आली. बेरड घराघरांतून लढले, तेव्हा फौजेनं घरं पेटवून दिली. पकडलेल्यांपैकी १९ जणांना डिसेंबरात फाशी दिलं, काहींना भर बाजारच्या दिवशी मुधोळात आणि बाकीच्यांना त्यांच्याच गावात. कन्नड मुलखात हलगलीच्या बेरडांवरची लावणी लोकांच्या तोंडी राहिली. चरबीची काडतुसं शिपायांच्या हाती दिली म्हणून पेटलेलं बंड आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतं. घरातली हत्यारं मागितली म्हणून पेटलेलं हे गाव फारसं कोणाला माहीत नसतं.

मे १८५८मध्ये नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी बंड केलं आणि पोलिटिकल एजंट मॅन्सनला सुरेबानला ठार केलं. त्यांचं मूळ दुखणं दत्तक नाकारल्याचं. त्यावर तोफा आणि दारूगोळा सरकारजमा करायच्या हुकमानं मीठ चोळलं. १२ जूनला बेळगावात त्यांना फाशी झाली.

मग आला व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. १८७६-७७च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं मरत असताना १ जानेवारी १८७७ला ज्यानं दिल्लीत दरबार भरवला, तोच. मार्च १८७८मध्ये त्याच्या सरकारनं लागोपाठ दोन दिवशी दोन कायदे केले. १४ तारखेला देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधणारा, १५ तारखेला शस्त्रांचा. छापखाना आणि बंदूक यांना एकाच नजरेनं पाहणारं हे सरकार होतं, आणि त्याची ही नजर पुढंही सुटली नाही. १८७८च्या कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत बंदुकीबरोबर तलवार, खंजीर, भाला, अगदी धनुष्यबाणही बसवला होता. परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नसे, हत्यार घेऊन बाहेर पडता येत नसे, मोडल्यास तुरुंग. आणि २७व्या कलमानं सरकारला वाटेल त्याला या सगळ्यातून सूट द्यायची मुभा.

ती सूट कोणाला मिळाली हे पाहिलं की कायद्याचा हेतू वेगळा सांगावा लागत नाही. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसाला परवाना लागत नव्हता. मोठ्या किताबांचे मानकरी सुटले. कूर्गच्या कोडवांना तर १८६१पासूनच सूट होती. १८५७च्या काळात इमानी राहिल्याचं ते बक्षीस, आयुक्त मार्क कबनच्या सहीचं. ही सूट आजही चालू आहे. केंद्र सरकारनं ती २०२९पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१मध्ये ती वैध ठरवली. पुण्यातला एखादा वकील, ज्याच्या वाड्यात आजोबांची बंदूक खुंटीला होती, त्याला मात्र कलेक्टरच्या कचेरीत अर्ज करणं आलं. खंडेनवमीला पूजेत मांडायला घरोघर विळी, कोयता, अडकित्ता उरले. (बलुतेदारांच्या घरी आधीपासून तेच होतं, ही गोष्ट वेगळी.)

कायद्याला वर्ष व्हायच्या आत, २३ फेब्रुवारी १८७९ला, वासुदेव बळवंत फडक्यांनी शिरूरजवळच्या धामारीवर दरोडा घातला. शिरढोणचे फडके पुण्यात लष्करी हिशेब कचेरीत कारकून. दुष्काळात गावोगाव हिंडून त्यांनी जे पाहिलं त्यानं त्यांचं डोकं फिरलं, आणि पांढरपेशांनी पाठ फिरवल्यावर त्यांनी रामोशी जवळ केले. दौलतराव नाईक त्यांचा उजवा हात. मे महिन्यात पनवेलजवळ पळस्पे आणि चिखली इथं मोठी लूट मिळाली; परतताना घाटाकडे मेजर डॅनियलच्या तुकडीनं गाठलं आणि दौलतराव मारले गेले. जुलैमध्ये विजापूरकडच्या देवर नावदगी गावी फडके तापानं फणफणलेले असताना पकडले गेले. पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांचं वकीलपत्र सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी घेतलं. लिटनच्या दिल्ली दरबाराला खादी नेसून गेलेले ते हेच. जन्मठेप होऊन फडके एडनला गेले आणि १८८३मध्ये तिथंच वारले.

फडक्यांचं स्वातंत्र्याच्या इतिहासातलं स्थान पक्कं आहे आणि त्यावर वाद घालायचं कारण नाही. पण घरधन्याच्या बाजूनं ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही, म्हणून सांगतो. पळस्प्याच्या ज्या घरांची दारं त्या रात्री फुटली, तिथल्या माणसांना १०३वं कलम पुरेपूर लागू होतं. परवान्याची बंदूक मात्र बहुतेक घरांत नसणार. ज्यांनी हत्यार उचलायचं ठरवलं होतं, त्यांना ते कुठून ना कुठून मिळालं. कायदा पाळणाऱ्याच्या घरातलं तेवढं गेलं. दुसरी बाजूही आहेच. चारच वर्षांपूर्वी, मे १८७५मध्ये, सुप्यात आणि आसपास कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन गहाणखतं आणि रोखे जाळले होते. त्या सावकारांच्या हाती दुनळी असती तर मेले असते ते कर्जबाजारी शेतकरी. आणि दरोडा घालणारे रामोशी तरी कोण? पिढ्यान् पिढ्या गावाची रात्रीची राखण करणारे, इंग्रजी अमलात वतन आणि मुशाहिरा आटलेले. घराचं रक्षण म्हटलं की घर कोणाचं, हा प्रश्न दख्खनमध्ये पहिल्या दिवसापासून त्या हक्काला चिकटलेला आहे.

लिटननंतरच्या व्हाइसरॉय रिपननं १८८२मध्ये वर्तमानपत्रांचा कायदा मागं घेतला. शस्त्रांचा राहिला. १८८७च्या मद्रास काँग्रेसमध्ये, बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष असताना, त्यात बदल करण्याची मागणी करणारा ठराव झाला आणि नंतर काँग्रेसच्या मंडपात हा विषय वरचेवर येत राहिला. भाषणं बरीचशी एकाच सुराची: तुम्ही आम्हाला नामर्द केलंत. सभेत टाळ्या मिळवून देणारा मुद्दा. चोरदरोड्यांनी नाडलेल्या खेड्यातल्या माणसाची तक्रार त्यात होती, पण ती मागच्या बाकावर.

घराच्या उंबऱ्याचा प्रश्न खऱ्या अर्थानं पेटला तो १८९७मध्ये, पुण्यात. प्लेगच्या तपासणीसाठी रँडच्या समितीचे गोरे सोजीर पेठांमधल्या घरांत शिरू लागले. माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, काहीच सुटेना. सामानसुमान बाहेर फेकलं जाई, बायामाणसांची तपासणी होई. आता मेकॉलेच्या कलमांकडे पाहा. घरात घुसणाऱ्याला अडवायचा हक्क आहे. पण सरकारी नोकर आपल्या अधिकाराच्या नावाखाली सद्भावनेनं काही करत असेल, तर त्याच्याविरुद्ध तो हक्क नाही, निदान जिवावर बेतेपर्यंत नाही. ९९वं कलम हे असं होतं. म्हणजे रात्री येणाऱ्या चोरापुढं पुणेकर घरधनी कायद्यानं वाघ होता आणि दिवसा येणाऱ्या सोजिरापुढं कायद्यानंच हात बांधलेला. अर्ज, तक्रारी, वर्तमानपत्रांतली पत्रं, सगळं झालं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. त्यात लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. तपासण्यांविरुद्ध तक्रारी करणाऱ्या नातू बंधूंना सरकारनं १८२७च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवाय अटकेत टाकलं.

छापखाना आणि हत्यार यांची जोडी पुन्हा जमली ती ८ जून १९०८ला. मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बनंतर सरकारनं एकाच दिवशी स्फोटक पदार्थांचा कायदा आणि वर्तमानपत्रांना आवरणारा कायदा मंजूर केला. दुसऱ्या दिवशीच्या ‘केसरी’त टिळकांचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख आला. शस्त्रबंदीनं या राष्ट्राचं पौरुष मारून टाकलं, मोगलांनीसुद्धा हे केलं नव्हतं, हा त्यातला एक ठसठशीत मुद्दा. या लेखावर आणि १२ मेच्या ‘देशाचे दुर्दैव’वर राजद्रोहाचा खटला भरला गेला. २४ जूनला मुंबईत सरदारगृहात टिळकांना अटक झाली. पुण्यात घराची झडती झाली, तेव्हा एक पोस्टकार्ड सापडलं. त्यावर स्फोटकांवरच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावं. फिर्यादी पक्षाला जणू बॉम्बच सापडला. टिळकांचं उत्तर सरळ होतं: स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका लिहायची होती, त्यासाठी विषय समजून घ्यायचा म्हणून नावं टिपून ठेवली. ज्याला कायद्यावर लिहायचं तो त्या विषयावरची पुस्तकं मागवणारच, हे कुठल्याही संपादकाला पटेल. सात युरोपियन आणि दोन पारशी अशी ज्युरी होती. सात विरुद्ध दोन असा निकाल लागला. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड सुनावला.

बंदी असली की माल चोरवाटेनं येतो. लंडनहून सावरकरांनी इंडिया हाउसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्याबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. त्यातलंच एक २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांच्या हातात होतं. त्यांनी ज्याला गोळ्या घातल्या तो कलेक्टर जॅक्सन म्हणजे जिल्ह्यात शस्त्रांचे परवाने देणारा अधिकारी, हा योगायोग कान्हेऱ्यांच्या मनात आला नसेल. मला मात्र दरवेळी जाणवतो.

गांधींचं या विषयावरचं मत अनेकांना धक्का देतं. १९१८मध्ये खेड्यात, म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात त्यांनी लिहिलं की, ब्रिटिश राजवटीच्या कुकर्मांत अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इतिहासाला सगळ्यात काळा वाटेल. आत्मकथेत त्यांनी तो मजकूर लपवला नाही. जानेवारी १९३०मध्ये मिठाच्या सत्याग्रहाआधी त्यांनी सरकारपुढं ११ मागण्या ठेवल्या. दारूबंदी, रुपयाचा दर, शेतसारा, मिठावरचा कर, आणि अकरावी: लोकांच्या देखरेखीखाली स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या. अहिंसेच्या आग्रही माणसाच्या यादीत बंदूक आहे, आणि ती राष्ट्राच्या अभिमानासाठी नसून घरच्या माणसाच्या रक्षणासाठी आहे. काँग्रेसच्या आधीच्या भाषणांपेक्षा ही मागणी मला जमिनीच्या जास्त जवळची वाटते. मार्च १९३१मध्ये वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली कराचीला मूलभूत हक्कांचा ठराव झाला, त्यात नियम आणि मर्यादा पाळून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क मान्य केला गेला. दरम्यान १९२०च्या नियमांनी गोऱ्या-काळ्याचा फरक कागदावरून पुसला होता. परवाना देणारा हात तोच राहिला.

कराचीनंतर सतरा वर्षांनी, डिसेंबर १९४८च्या पहिल्या दोन दिवसांत, घटना समितीत आजच्या १९व्या अनुच्छेदावर चर्चा झाली. हरि विष्णू कामत उठले. आयसीएस सोडून सुभाषबाबूंच्या मागं गेलेला हा माणूस मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून आला होता. त्यांनी दुरुस्ती मांडली: नागरिकांना कायद्याच्या नियमांत राहून शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क असावा. शब्दसुद्धा जवळजवळ कराचीचेच. ज्या कायद्याविरुद्ध आपण साठ वर्षं बोललो, तो आपलं राज्य आल्यावर तसाच ठेवणार का, हा रोख.

डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. आजच्या परिस्थितीत प्रत्येक नागरिकाला हा मूलभूत हक्क असावा हे तत्त्व स्वीकारायला मला फार संकोच वाटतो, असं त्यांचं म्हणणं. कामतांची दुरुस्ती मानली तर चोर, ठग, दरोडेखोरही हा हक्क मागतील. नियमांनी फार तर खरेदी कशी करायची ते ठरेल, कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही हे ठरवता येणार नाही, कारण मूलभूत हक्क सगळ्यांना सारखा. पुढं त्यांनी असंही म्हटलं की, आग्रह धरायचाच तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा कशाला, गरज पडेल तेव्हा राज्यासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरा. दुरुस्ती फेटाळली गेली.

ती परिस्थिती कोणती, हे सभागृहात कोणाला सांगायला नको होतं. दहा महिन्यांपूर्वी एका बेरेटा पिस्तुलानं गांधी मारले गेले होते. त्यानंतरच्या आठवड्यांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात जमावांनी ब्राह्मणांची घरं आणि कारखाने जाळले होते. राहत्या घराला आग, हा प्रसंग १०३व्या कलमात स्वच्छ लिहिलेला होता. पाचशेच्या जमावापुढं दारात उभ्या असलेल्या माणसाला त्या कलमाचा उपयोग शून्य. हैदराबादेत रझाकारांचा धुमाकूळ आणि पोलिस कारवाई होऊन तीन महिने झाले नव्हते. आणि आंबेडकरांच्या गाठीला आणखी एक अनुभव होता, जो त्यांनी त्या दिवशी काढला नाही. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर सवर्णांच्या जमावानं सत्याग्रहींना जेवणाच्या मंडपात, रस्त्यावर, गाठेल तिथं मारलं. कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा घ्यावा लागला. सत्याग्रहींमध्ये पलटणीतून निवृत्त झालेले महार होते. ते चवताळून आंबेडकरांच्या शब्दाची वाट पाहत होते. त्यांनी तो शब्द दिला नाही, कोर्टाची वाट धरली. गावात बंदुका वाटल्या तर त्या कोणाच्या माजघरात जातात, हे कळायला त्यांना घटना समितीत यायची गरज नव्हती. कामतांची मागणी प्रामाणिक होती, तरी मला आंबेडकरांचं गणित बरोबर वाटतं.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९६२पासून लागू झाला. जुना कायदा राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता, हे विधेयकाच्या उद्देशात कबूल केलं आहे. नव्या कायद्यात तलवारी-भाले बहुतेक ठिकाणी सुटले, बंदुकीला परवाना राहिला. पण तपशिलात फरक होता. घराच्या रक्षणासाठी किंवा शिकारीच्या छंदासाठी गुळगुळीत नळीची, किमान २० इंची बंदूक मागितली किंवा शेतीच्या राखणीला ठासणीची मागितली, तर परवाना देण्याकडे कल ठेवलेला. नकार द्यायचा तर कारण लेखी नोंदवायचं. आणि १४व्या कलमात एक वाक्य असं आहे की ते वाचून १८७८चा कलेक्टर दचकला असता: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणानं परवाना नाकारायचा नाही. म्हणजे आधी काय चालायचं ते वेगळं सांगायला नको.

पुढं फास आवळत गेला. १९८३च्या दुरुस्तीनं एका माणसाला जास्तीत जास्त तीन बंदुका, आणि पोलिसांच्या अहवालाशिवाय परवाना नाही. २०१९मध्ये तीनच्या दोन झाल्या. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेते संजय दत्त यांच्यावर एके-५६ बाळगल्याचा आरोप होता. दंगलीनंतर कुटुंबाला धमक्या येत होत्या म्हणून ती घेतली, हा बचाव. त्यांच्याकडे परवान्याच्या तीन बंदुका आधीच होत्या. बंदी असलेल्या शस्त्राला स्वसंरक्षणाचं कारण चालत नाही, हे कोर्टाचं उत्तर ठरलेलंच होतं. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवला आणि शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली.

घरात खरोखर चोर शिरतो तेव्हा कोर्टं घरधन्याशी बऱ्यापैकी समजुतीनं वागतात. हल्ल्याच्या क्षणी माणसानं काट्यावर तोलून मापून प्रहार करावा अशी अपेक्षा धरता येत नाही, पळून जायचीही सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. मेकॉलेचं १०३वं कलम तिथं ४१वं झालं. रात्रीच्या घरफोडीच्या जागी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी असं लिहिलं, आगीच्या जोडीला स्फोटकं घातली. बाकी ढाचा १८३७चा.

बंदुकीचा परवाना म्हणजे नक्की काय, हे पाहायचं तर कोकणात जावं. सिंधुदुर्ग, रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या नावानं दिलेल्या बंदुका हजारोंनी आहेत, बऱ्याचशा ठासणीच्या. नळीत दारू ठासायची, छर्रे भरायचे, टोपी बसवायची आणि काजूच्या बागेत रात्री बार काढायचा. डुकरं बाराच्या आवाजानंच पळतात, हे तिथला शेतकरी सांगेल. पण निवडणूक लागली की पोलिस ठाण्याची नोटीस येते: बंदूक जमा करा. आचारसंहिता संपेपर्यंत ती ठाण्याच्या कोपऱ्यात, चिठ्ठी लावून, इतर बंदुकांच्या भाऱ्यात पडते आणि इकडं वानर-डुकरांना रान मोकळं. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा असं एकामागून एक आलं तर बंदूक घरापेक्षा ठाण्यातच जास्त राहते. सरसकट जमा करू नका, कोणाकडून घ्यायची ते समितीनं प्रकरणागणिक पाहून ठरवावं, अशी दिशा मुंबई उच्च न्यायालयानं २००९मध्ये दिली होती. तरी तक्रार दर निवडणुकीला असतेच.

या सगळ्या लांबलचक प्रवासात एकच तरतूद अशी आहे जिनं वेशीबाहेरच्या घराचा विचार केला. अनुसूचित जाती आणि जमातींवरील अत्याचारांना आळा घालणाऱ्या १९८९च्या कायद्याखाली १९९५मध्ये नियम झाले. त्यातला तिसरा नियम प्रतिबंधाचा. अत्याचाराची शक्यता असलेलं क्षेत्र राज्य सरकारनं आधी निश्चित करायचं. मग तिथं अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि घरोब्यातल्या लोकांचे बंदुकीचे परवाने रद्द करून शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. बेकायदा बंदुका जप्त करायच्या. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना स्वतःच्या जिवाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्रांचे परवाने द्यायचे. १८५७पासून झालेल्या कायद्यांत शेजाऱ्याची बंदूक काढून वेसकराच्या वारसाला देणारा हा एकच. तेही राज्य सरकारला गरज वाटली तरच. ती गरज किती वेळा वाटली, हे ज्याच्या त्याच्या जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत माहितीचा अर्ज टाकून विचारता येतं.